बॉडी जुनी चालेल, लेन्स मात्र उजेडाची हवी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): "मी कुडाळजवळच्या एका गावात राहते आणि औषधांच्या दुकानात हिशेबाचे काम करते. पगारातून ३५,००० रुपये बाजूला पडले आहेत, त्यातून माझा पहिला कॅमेरा घ्यायचा आहे. मुख्य हौस आहे ती जत्रांमधल्या दशावतारी नाटकांचे फोटो काढण्याची, कारण माझे काका एका मंडळात स्त्रीपार्ट करत असत. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत चेहरे पांढरेफटक येतात आणि कुणी हात हलवला की नुसता फराटा उमटतो. दुकानदार साठपट झूमचा कॅमेरा दाखवतो, मावसभाऊ दोन लेन्सचा डीएसएलआर संच घे म्हणतो, मैत्रीण हप्त्यांवर साठ हजारांचा मिररलेस घ्यायला सांगते आणि घरचे म्हणतात, मोबाइल आहे ना? कोल्हापूरचे एक लग्नांचे फोटोग्राफर आपला जुना कॅमेरा विकत आहेत, तो घ्यावा का? मेगापिक्सेल किती हवेत? परसात पक्षीही येतात, त्यांचेही फोटो मिळाले तर बरे."

सप्रेम नमस्कार,

'चांगला कॅमेरा कोणता?' असे विचारणारी पत्रे पुष्कळ येतात आणि त्यांना उत्तर देणे कठीण जाते, कारण फोटो कशाचे काढायचे आहेत याचा त्यांत पत्ताच नसतो. तुम्ही मात्र विषय, वेळ आणि जागा तिन्ही सांगितली आहेत. रात्रीची वेळ, देवळाच्या सभामंडपातला किंवा पटांगणातला तुटपुंजा उजेड, चार-सहा मीटरवर हलणारी माणसे आणि खिशात ३५,००० रुपये. एवढे कळल्यावर माझे उत्तर आधीच सांगून टाकतो: कॅननची वापरलेली डीएसएलआर बॉडी (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, लेन्सशिवाय) तिच्या १८-५५ मिलिमीटरच्या झूम लेन्ससह घ्यावी आणि तिच्यासोबत त्याच कंपनीची ५० मिलिमीटर, एफ १.८ ही छोटी लेन्स वेगळी घ्यावी (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे). बॉडी जुनी असली तरी तुमचे काही अडणार नाही, पण ही दुसरी लेन्स नसेल तर बॉडी नवी असूनही तक्रार तीच राहील.

तुमच्या मोबाइलच्या फोटोंत दोन वेगवेगळे दोष आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. चेहरे पांढरेफटक येतात, याचे कारण उजेडाचे मोजमाप. रंगमंचामागे काळोख किंवा गडद पडदा असतो, आणि कॅमेरा साऱ्या चौकटीची सरासरी काढून 'फार अंधार आहे' असा निष्कर्ष काढतो व सगळेच उजळ करायला जातो. आधीच रंगवलेला, वर थेट दिव्यासमोर आलेला चेहरा त्यात जळून जातो. हा दोष महागड्या कॅमेऱ्यातही तसाच येईल, कारण तो यंत्राच्या किमतीचा नाही, मोजमापाच्या पद्धतीचा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असे चिन्ह असलेले एक बटण असते. त्याने उजेड एक पायरी उणे केला की बहुतेक वेळा चेहऱ्यावरचा रंग, भुवया आणि कपाळावरचे गंध परत दिसू लागते. मोबाइलमध्येही चेहऱ्यावर बोट ठेवून शेजारची पट्टी खाली ओढली तर हेच होते. कॅमेरा येईपर्यंत ते करून पाहा.

दुसरा दोष फराट्याचा. तो खरोखरच यंत्राच्या मर्यादेचा आहे, आणि तुमचे पैसे याच दोषावर खर्च व्हायला हवेत. हलणारा हात थिजवायचा तर शटर (उजेड आत सोडणारी झडप) साधारण १/२०० सेकंदात मिटायला हवे. एवढ्या अल्प वेळात पुरेसा उजेड आत यायचा तर लेन्सचे छिद्र मोठे हवे, किंवा आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे याचा आकडा) वाढवून सेन्सरकडून, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपकडून, जास्त काम करून घ्यायला हवे. आयएसओ वाढला की फोटोत दाणे वाढतात आणि रंग मातकट होतात. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ही किट लेन्स ५५ मिलिमीटरवर फार तर एफ ५.६ एवढीच उघडते. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते, आणि या दोन छिद्रांतून येणाऱ्या उजेडात जवळजवळ दहापटींचा फरक पडतो. समजा, तुमच्या जत्रेत एफ २, १/२०० सेकंद आणि आयएसओ १६०० यांवर फोटो नीट येत आहे. तोच फोटो किट लेन्सने एफ ५.६ वर काढायचा झाल्यास आयएसओ १२,८०० वर न्यावा लागेल, नाहीतर शटर १/२५ सेकंदावर आणावे लागेल. पहिल्या पर्यायात शालूवरची जर दाण्यांत विरून जाईल आणि दुसऱ्यात राजपार्टाने तलवार उगारली की तिचा पंखा होईल. लढाईचा प्रसंग हाच तर पाहण्यासारखा असतो.

'पण किट लेन्समध्ये स्थिरीकरण आहे ना?' असे दुकानात तुम्हाला सांगितले जाईल. ते असते आणि उपयोगीही असते, पण ते तुमच्या हाताचा कंप आवरते. समोरच्या नटाचा हात ते थांबवू शकत नाही. देवळाचे शिखर, दीपमाळ, प्रयोगाआधी मांडून ठेवलेले मुकुट यांसाठी किट लेन्स उत्तम आहे आणि ती बॉडीसोबत येत असेल तर नाकारू नका.

५० मिलिमीटरची लेन्स झूम होत नाही, पुढेमागे आपल्यालाच सरकावे लागते, म्हणून नवख्या माणसाला ती गैरसोयीची वाटते. तुमच्या बाबतीत अंतराचा हिशेब मात्र छान जुळतो. कॅननच्या या वर्गातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर २२.३ × १४.९ मिलिमीटरचा असतो. या लेन्सने पाच मीटरवरून कॅमेरा उभा धरून पाहिले तर सुमारे सव्वादोन मीटर उंची आणि दीड मीटर रुंदी चौकटीत मावते. म्हणजे मुकुटासकट उभा नट पायांपासून पूर्ण येतो आणि वर थोडी मोकळी जागाही राहते. आडवा धरला तर बाकावर बसलेला राजा आणि शेजारी उभा प्रधान असे दोघे कमरेपासून वर येतात. आपल्याकडच्या दशावतारात प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यात फारसे अंतर नसतेच. पहिल्या-दुसऱ्या रांगेच्या कडेला बसलात की तुम्ही या पाच मीटरांच्या आतबाहेर असाल.

आता दुकानदाराच्या साठपट झूमच्या कॅमेऱ्याविषयी. झूमचा आकडा ऐकून हुरळून जाण्याआधी सेन्सरचा आकार विचारावा. अशा बहुतेक कॅमेऱ्यांत सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा सेन्सर असतो, म्हणजे वर सांगितलेल्या डीएसएलआरच्या सेन्सरच्या बाराव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय झूम जसजसा वाढवाल तसतसे छिद्र लहान होत जाते. भर उन्हात झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या घारीचा फोटो हा कॅमेरा असा काढून देईल की पस्तीस हजारांत दुसरे काहीही तसा काढू शकणार नाही. केवळ पक्ष्यांसाठी पत्र आले असते तर मी कदाचित याचेच नाव घेतले असते. रात्री अकराच्या दहीकाल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावतारात मात्र तो तुमच्या मोबाइलपेक्षाही लंगडा पडेल. जाता जाता हेही सांगतो की पाच-सात हजारांत '४८ मेगापिक्सेल, फोर के' असे छापलेले, नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे जे चिमुकले कॅमेरे ऑनलाइन दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांतला आकडा बहुधा लहान चित्र ताणून मोठे केल्याचा असतो.

मावसभावाचा सल्ला निम्मा बरोबर आहे. डीएसएलआर योग्यच, पण दोन लेन्सच्या संचातल्या दोन्ही लेन्सना उजेडाचे वावडे असते. त्यातली लांब पल्ल्याची लेन्स दिवसा उपयोगी पडेल, पण रात्री तिचे छिद्रही किट लेन्सइतकेच तोकडे असते. संचासोबत फुकट मिळणारी बॅग आणि तिवई यांची मोहिनी मोठी असते हे मान्य करूनही म्हणतो की ती तिवई सहसा वाऱ्यानेच हलते.

मिररलेसबद्दल, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याबद्दल तुमची मैत्रीण चुकीचे सांगत नाही. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये आपापल्या मिररलेसच्या नव्या माळा सुरू केल्या आणि आता त्यांचे सगळे लक्ष तिकडेच आहे. माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणारी त्यांची यंत्रणा रंगमंचावर फार सुखाची असते. पण साठ हजारांत तुम्हाला बॉडी आणि पुन्हा तीच अरुंद छिद्राची किट लेन्स मिळेल. मोठ्या छिद्राची लेन्स वेगळी घ्यावी लागेल आणि नव्या माळेतली तशी लेन्स जुन्या माळेतल्या लेन्सपेक्षा महाग पडते. म्हणजे हप्ते सुरू, आणि लढाईचा पंखा तसाच. शिवाय 'बिनव्याजी' हप्त्यांत रोखीची सूट बहुतेकदा हातची जाते, तेव्हा दोन्ही किमती विचारून मगच बिनव्याजी म्हणावे. सगळ्यांचे लक्ष मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या अवस्थेतले डीएसएलआर आज स्वस्तात विकले जात आहेत. तुमच्यासारख्या खरेदीदाराला ही वेळ सोयीची आहे आणि तिचा फायदा घ्यावा.

कॅननच का, याला एक ठोस कारण आहे. निकॉनचे कॅमेरे कोणत्याही अर्थाने कमी नाहीत. डी ५६०० किंवा डी ३५०० चांगल्या अवस्थेत मिळाला तर तोही आनंदाने वापरता येईल, आणि डी ३५०० ची बॅटरी तर एका चार्जमध्ये दीड हजारांवर फोटो काढते. पण निकॉनच्या या प्राथमिक बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. बाजारात जुनी ५० मिलिमीटर एफ १.८ 'डी' ही लेन्स स्वस्तात मिळते म्हणून लोक ती घेऊन येतात, आणि घरी आल्यावर कळते की या बॉडीवर फोकस हातानेच फिरवावा लागतो. अंधारात, हलत्या नटावर ते काम सराईताचीही परीक्षा पाहते. निकॉन घेतलाच तर लेन्सच्या नावात 'एएफ-एस' ही अक्षरे आहेत ना, ते वाचूनच पैसे द्या. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते, त्यामुळे ही भानगड उद्भवत नाही. २०१५ मध्ये आलेली ईएफ ५० मिलिमीटर एफ १.८ एसटीएम ही १६० ग्रॅमची लेन्स त्यांच्या कोणत्याही डीएसएलआरवर चालते, आणि पुढे कधी कॅननचा मिररलेस घेतलात तर अडॅप्टर लावून त्यावरही चालेल.

बॉडीमध्ये माझी पहिली पसंती ७५०डी (२०१५) किंवा २००डी (२०१७) यांना आहे. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींचा मागचा पडदा (स्क्रीन) बाहेर ओढून हवा तसा वळवता येतो, आणि गर्दीत डोक्यावरून कॅमेरा धरायची वेळ आली की त्याची किंमत कळते. ७५०डीमध्ये व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावून पाहायच्या खिडकीतून) फोकस करायला १९ बिंदू आहेत आणि ते सगळे कमी उजेडात बऱ्यापैकी पकड घेणारे आहेत. २००डी वजनाला हलका आहे आणि पडद्याकडे पाहून फोटो काढताना त्याचा फोकस चपळ चालतो. व्हिडिओही काढायचा विचार असेल तर २००डी घ्या, नाहीतर ७५०डी. हे दोन्ही न मिळाल्यास १५००डी चालेल. त्यात नऊच बिंदू आहेत आणि अंधारात भरवशाचा म्हणावा तर मधला एक, पण त्या एका बिंदूवर फोकस धरून मग चौकट सावरून घेण्याची सवय लागली की काम होते. याहून जुन्या बॉडींकडे मी जाणार नाही, कारण आयएसओ ३२०० च्या पुढे त्यांचे दाणे लवकर डोळ्यांत भरतात.

मेगापिक्सेलचा प्रश्न लवकर संपतो. बारा बाय अठरा इंचांचा फोटो उत्तम छपाईत काढायला सुमारे १९ मेगापिक्सेल पुरतात आणि वर्तमानपत्रात किंवा मंडळाच्या फलकावर त्याच्या निम्म्यातही भागते. वर सांगितलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांत ते आहेत, तेव्हा त्याचा पुन्हा विचार करू नका.

कोल्हापूरच्या फोटोग्राफरांचा कॅमेरा कोणत्या मॉडेलचा आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून तो घ्या किंवा घेऊ नका असे मी सांगणार नाही. मात्र लग्नाचा कॅमेरा म्हणजे राबलेला कॅमेरा. या वर्गातल्या शटरची अपेक्षा साधारणपणे एक लाख क्लिकची धरली जाते, आणि लग्नसराईच्या एकेका दिवसात दोन-दोन हजार क्लिक सहज होतात. त्यांना शटर काउंट, म्हणजे आजवर झालेल्या क्लिकची संख्या विचारा. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये तो आकडा लिहिलेलाच असतो. कॅननच्या या बॉडींमध्ये तो सहसा फाइलमध्ये नसतो आणि संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने पाहावा लागतो. धंद्यातल्या माणसाला हे करणे अवघड नसते. चाळीस हजारांच्या आत असेल तर निश्चिंत राहा. ऐंशी हजारांच्या पुढे असेल तर किंमत बरीच खाली यायला हवी, कारण पुढेमागे शटर बदलण्याचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. व्यावसायिक माणसाकडून घेण्यात एक फायदाही आहे: तो कॅमेरा रोज वापरात होता, कपाटात कोंडून पडलेला नव्हता, त्यामुळे त्याला फंगस (बुरशी) लागलेली असण्याची शक्यता कमी. आणि त्यांना आपले नाव राखायचे असते.

कोणाकडूनही घ्या, पण दिवसाउजेडी, स्वतःचे मेमरी कार्ड घेऊन जा आणि अर्धा तास मागून घ्या. आधी लेन्स काढून हातात घ्या, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून तिरके पाहा. कॅननची लेन्स बॉडीपासून वेगळी केली की छिद्र पूर्ण उघडेच असते, त्यामुळे आतले सगळे दिसते. धुळीचे चार-दोन कण असतील तर ते सोडून द्या; त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती फंगस आहे, आणि मग विक्रेता कितीही गोड बोलला तरी ती लेन्स घरी आणू नये. साफ करून मिळते, पण काचेवरचा लेप तोवर खाल्ला गेलेला असू शकतो आणि डागही कधी कधी राहतात. त्यानंतर छिद्र एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढा. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतील. ती साफ होते, मात्र त्या निमित्ताने किंमत कमी करून घ्यावी. मग लेन्सला झाकण लावून एक फोटो काढा. काळ्या चौकटीत लाल-निळे चमकते ठिपके भरपूर दिसले तर सेन्सर थकला आहे. बॅटरीचे दार नीट बसते का, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, रबराची पकड सुटून फुगली आहे का, प्रत्येक बटण काम करते का, हे हाताने तपासा. शेवटी बॉडीखालचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळवून पाहा. बिल नाही, डबा नाही, 'मित्राचा आहे, घाईत विकायचा आहे' असे कोणी म्हणाले तर किंमत कितीही मोहाची असो, परत फिरा. चोरीचा माल गळ्यात पडला तर पैसेही जातात आणि मनस्तापही होतो.

पैशांची विभागणी मी अशी करेन. बॉडी आणि किट लेन्ससाठी २१,००० च्या वर जाऊ नये. ५० मिलिमीटरची लेन्स नवी घेतली तर दहा हजारांच्या आसपास जाते आणि वापरलेली सहा-सात हजारांत मिळू शकते. ही लेन्स मी शक्य तर नवी घ्यायला सांगेन, कारण तुमच्या सगळ्या कामाचा भार तिच्यावर आहे. उरलेल्या चार हजारांत एक जादा बॅटरी आणि ६४ जीबीचे ओळखीच्या कंपनीचे कार्ड बसते. कार्ड ओळखीच्या दुकानातूनच घ्या, कारण नकली कार्डांचा सुळसुळाट आहे आणि रात्रभराच्या फोटोंनंतर 'कार्ड वाचता येत नाही' हे वाक्य वाचणे फार जिवावर येते. लेन्सच्या पुढे लावायचा यूव्ही फिल्टर दुकानदार आग्रहाने गळ्यात घालेल. तो नको, रंगमंचावरचे दिवे त्यात उलटे चमकतात. खास बॅगही तूर्त नको, जाड पंचा गुंडाळून साध्या पाठपिशवीत कॅमेरा सुखाने राहतो.

त्या चार हजारांतच आणखी एका गोष्टीची सोय करावी लागेल आणि तिच्यात कसूर झाली तर वरचे सगळे वाया जाईल. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरत नाही आणि फंगसला याहून अधिक काही लागत नाही. कपाट, कापडी बॅग, चामडी केस या तिन्ही जागा पावसाळ्यात लेन्सच्या वैरी आहेत. स्वयंपाकघरात वापरतात तसा रबरी कड असलेला, घट्ट बसणारा मोठा प्लॅस्टिकचा डबा आणा. त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि आर्द्रता दाखवणारे एक छोटे यंत्र ठेवा; ते काही शेकड्यांत मिळते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. ओल शोषल्यावर रंग बदलणारे नारिंगी दाणे घ्या. रंग पालटला की ते एखाद्या जुन्या, जेवणासाठी न वापरायच्या भांड्यात मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरण्याचा उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तांदळाची पूड लेन्सच्या सांध्यांत जाते, तेव्हा तो करू नये. आणि डब्यात ठेवून दिला म्हणून चार महिने विसरूही नका. आठवड्यातून एकदा बाहेर काढून पाच-दहा फोटो काढावेत, लेन्स आणि शटर फिरते राहते.

कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतील, त्याआधी निदान महिनाभर कॅमेरा हाताशी असावा. घरातच रात्री एका दिव्याच्या उजेडात कोणाला तरी हातवारे करायला लावून सराव करा. पहिल्या प्रयोगासाठी कॅमेरा 'एम' वर, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायच्या मोडवर ठेवा: छिद्र एफ २, शटर १/२००, आयएसओ १६०० ने सुरुवात करा आणि गणपती-संकासुराच्या आडदशावतारातच, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातच दोन-चार फोटो पाहून आकडे ठरवून टाका. आख्यान सुरू झाल्यावर बटणांशी झटापट नको. या मोडमध्ये अधिक-उणेचे बटण नेहमीसारखे काम करत नाही, म्हणून चेहरा जळतो आहे असे दिसले की आयएसओच एक पायरी खाली आणा. एफ २ वर पाच मीटरवरून फोकसची खोली सुमारे पाऊण मीटरच असते, त्यामुळे लढाईत पुढचा नट स्पष्ट आणि मागचा धूसर येईल. दोघेही स्पष्ट हवे असतील तर एफ २.८ वर या आणि त्यासाठी आयएसओ वाढवा. हल्ली पुष्कळ ठिकाणी एलईडी फ्लडलाइट असतात. त्यांतले काही विजेच्या लयीत सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण १/२०० वर एक फोटो उजळ आणि पुढचा काळवंडलेला किंवा पट्टे पडलेला येतो. तसे दिसले तर शटर १/१०० वर आणा आणि संवाद चालू असताना, नट क्षणभर थबकतो तेव्हा क्लिक करा. फाइल रॉ प्रकारात (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी राखणाऱ्या) साठवा, म्हणजे ट्रिकसीनच्या लाल-हिरव्या दिव्यांत बिघडलेला चेहऱ्याचा रंग नंतर सावरता येतो. अशी एक फाइल पंचवीस-तीस एमबीची होते, म्हणजे रात्रीतून पाचशे फोटो काढले तरी ६४ जीबीच्या कार्डावर जागा उरते.

फ्लॅश कधीही वापरू नका, आणि फोकससाठी कॅमेऱ्याचा जो दिवा चमकतो तोही मेनूत जाऊन बंद करा. समोर बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा आणि नटाचा, दोघांचाही रसभंग होतो. काकांच्या ओळखीने मंडळाच्या मालकांची परवानगी आधीच घ्यावी, विशेषतः नट स्वतःचा चेहरा रंगवत बसलेले असतात तिथे जायचे असेल तर. तिथला आरसा, समोरचा एकच दिवा आणि दोन-तीन हातांवरचे अंतर यांना ही ५० ची लेन्स फारच छान साजेल. तिला निदान पस्तीस सेंटिमीटर अंतर लागते, तेवढे राखा. चांगले आलेले फोटो मंडळाला द्या. मोबाइलवर पाठवताना ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, नाहीतर तुमच्या २४ मेगापिक्सेलचे दोनच उरतात.

राहिले परसातले पक्षी. त्यांच्यासाठी ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम ही लेन्स वापरलेली, बऱ्या किमतीत मिळते आणि दिवसाच्या उजेडात आवाक्यातल्या पक्ष्यांसाठी ती पुरेशी आहे. यंदाच्या ३५,००० मध्ये ती बसवायचा प्रयत्न करू नका. तोवर दयाळ किंवा बुलबुल पाण्याच्या भांड्यापाशी किती जवळ येऊ देतात ते पाहा. खिडकीच्या आडून, पडदा अर्धा ओढून बसलात तर किट लेन्सच्या ५५ मिलिमीटरवरही एखादा फोटो मिळून जाईल. कोल्हापूरच्या कॅमेऱ्याचे मॉडेल आणि शटर काउंट कळला की जरूर लिहा, व्यवहार करण्याआधी.